दोघींचं एक नाव

प्रसूतिगृहासमोर, फुटपाथला लागून एक अरुंद दुकान आहे. रुंदी म्हणाल तर एक शिलाई मशीन, एक खुर्ची आणि गिऱ्हाइकाने अंग चोरून उभं राहावं एवढीच. तिथे बसून बाळांच्या दुपट्यांवर रंगीत दोऱ्याने नावं भरणाऱ्या बाईला सगळा रस्ता 'नाववाली' म्हणूनच ओळखतो. लोक दुपटं घेऊन येतात, पण निम्म्यांचं नाव ठरलेलंच नसतं. मग हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. प्रकाश हवाय? नूर घ्या, अरबी आहे, मुलालाही चालतं, मुलीलाही. शांतता? आयरीन, ग्रीक. चांदणीच हवी असेल तर तारा म्हणा, नाहीतर लॅटिनमधलं स्टेला म्हणा, आभाळ तेच. इरा? संस्कृत. पृथ्वी असाही अर्थ आहे आणि वाणी असाही, तेव्हा पोरगी बडबडी निघाली तर माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही! एका बापाने मोठ्या ऐटीत फिलिप हे नाव सांगितलं, तर ही म्हणाली, "ग्रीक. घोड्यांवर प्रेम करणारा. घोडा परवडतो ना?" तो हसत हसत दुसरंच नाव भरून घेऊन गेला.

पण हिच्या स्वतःच्या लेकीच्या नावाचा अर्थ कुणी विचारला, की मशीनचा दोरा तुटायचा, बॉबिन संपायची, काही ना काही व्हायचंच.

कारण ते नाव मुळात या लेकीचं नव्हतं. लेकीच्या आधी एक मुलगी झाली होती. चालायला लागली होती, दार धरून उभी राहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. तापाने गेली. पुढे ही दुसरी झाली तेव्हा नाववालीने नवं नाव शोधलंच नाही. गेलेलीचं उचललं आणि हिला दिलं. घरात कुणी चकार शब्द काढला नाही, दुःखी बाईला कोण बोलणार? शेवटी एका मावशीने बोलता बोलता लेकीला सांगून टाकलं, तेव्हा ती शाळेत जात होती. तेव्हापासून लेकीच्या मनात अढी बसली ती बसलीच. आईने हाक मारली की ती यायची, पण ओ द्यायची नाही.

एवढं होऊनही नाववाली शहाणी झाली नव्हती. लेक गरोदर असल्याचं कळलं त्या दिवशी आनंदाच्या भरात ती फोनवर बोलून गेली, "मुलगी झाली तर तेच नाव ठेवू गं. पुढे चालू राहील."

लेकीने तिला पुढे बोलूच दिलं नाही.

"आई, तुला बाळाला भेटायचंय ना? मग नावाचा विषय काढायचा नाही. एक नाव जरी तोंडातून निघालं, तरी तिथून उठायचं. परत यायचं नाही."

लेक बोलली की करून दाखवते, हे नाववालीला पुरतं ठाऊक होतं. तो हेका कुणाकडून आला होता, तेही ठाऊक होतं. त्यानंतर तिने फोनवर हवापाण्याशिवाय काही काढलं नाही.

आणि आज दुपारी जावई धापा टाकत दुकानाशी आला. "आई, चला. आत नेलंय तिला." नाववालीने मशीन तसंच टाकलं. रस्ता ओलांडताना जावई चाचरत म्हणाला, "आई, ते नावाचं तेवढं..."

"आहे लक्षात," ती तुटकपणे म्हणाली. जावयापुढे शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाकावर बसल्यावर तिचा जीव टांगणीला लागला. तिच्या मनात एकच धावा चालला होता, मुलगा होऊ दे. मुलगा झाला तर ते नाव आपोआप जिभेवरून उतरेल, म्हणजे सुटले. मग दार उघडून नर्स बाहेर आली. "मुलगी झाली! दोघी छान आहेत." नाववाली पदर सावरत उठली.

खोलीत लेक उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, डोळे मात्र थेट आईवर. त्यात नर्स ओळखीची, म्हणजे आगीत तेलच. बाळ खुर्चीत बसलेल्या नाववालीच्या हातात देत ती म्हणाली, "मग, मावशी? काय नाव काढलंत नातीसाठी?"

"इथे जरा गार नाही का वाटत?" नाववाली म्हणाली.

"अहो, सगळ्या वॉर्डाला नावं पुरवता, आणि घरच्या वेळी मूग गिळून बसलात?"

जावयाने नर्सला काहीतरी विचारायचं निमित्त काढून बाहेर नेलं. भला माणूस.

नाववालीने खाली पाहिलं. बाळाने जांभई दिली आणि ओठ मिटले. गेलेलीचीच जिवणी. ते नाव घशातून वर आलं, दातांपर्यंत आलं. तिने ओठ इतका घट्ट चावला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आलं ना तोंडात?" लेक म्हणाली.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर उद्याही येता आलं असतं, परवाही.

"आलं," नाववाली म्हणाली. "खोटं कशाला बोलू?" तिने बाळाला लेकीजवळ ठेवलं आणि ती जायला उठली.

"थांब. मला एक सांगून जा. लहानपणी तू मला हाक मारायचीस, ती कुणाला मारायचीस?"

नाववालीने पलंगाची कड धरली. "आधी तिलाच. तू ओ द्यायचीस आणि मला वाटायचं, आहे, घरातच आहे. पुढे तुलाच मारायला लागले. पण कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. चुकलं गं माझं. तिचं नाव तिच्यापाशीच राहू द्यायला हवं होतं."

लेक रडली नाही. बाळाला छातीशी घेत ती म्हणाली, "बाळाचं आम्ही बघू. मला दे एक. माझं एकटीचं."

एवढ्या लोकांना उभ्या उभ्या नावं देणारी ही बाई. तिने तोंड उघडलं. अरबी, ग्रीक, संस्कृत, एकही नाव पुढे येईना. ती परत बसली, खुर्ची पलंगाला भिडवली आणि लेकीच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"जरा इकडे तोंड कर," ती म्हणाली. "मी तुला अजून नीट बघितलंच नाहीये."