काकूंच्या कमरेची किल्ली

मुलुंडला आम्ही आठ कॉलेजच्या मुली एकाच फ्लॅटमध्ये पेइंग गेस्ट होतो. मालकीणकाकू आमच्यासोबतच राहायच्या. तिसरा मजला, खिडक्यांना ग्रिल आणि दाराबाहेरच्या लोखंडी जाळीला दिवसरात्र कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला. का, तर म्हणे "पोरींची जबाबदारी आहे माझ्यावर."

मी विचारायची, "काकू, आग लागली तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

एकदा मी जरा जास्तच बोलले, तेव्हा त्यांनी सरळ सुनावलं, "पटत नसेल तर महिनाअखेर खोली रिकामी कर." परीक्षा तोंडावर आलेली! जाणार कुठे? पण गप्प बसेन तर ती मी कसली.

तळमजल्यावर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. मी त्यांनाच गाठलं आणि त्यांनी काकूंना आग लागल्यावर बाहेर पडायच्या सरावासाठी कसंबसं राजी केलं. पैज ठरली. दोन मिनिटांत सगळ्या बाहेर पडलो तर मी खोली सोडायची, नाही पडलो तर कुलूप जाणार.

"चालेल," काकू म्हणाल्या, "बॅग भरून ठेव."

रविवारी सकाळी काका जाळीबाहेर घड्याळ धरून उभे राहिले आणि मी आतून जीव खाऊन बोंबलले, "आग! आग!" काय धमाल यार! पोरी खिदळत दाराशी धावल्या. काकूंनी कमरेचा जुडगा काढला. पहिली किल्ली लागेना. दुसरी कपाटाची निघाली. तिसरी लावताना जुडगाच खाली पडला. काकू तो उचलून पुन्हा पहिलीपासून किल्ल्या लावू लागल्या आणि आमचं हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

"राहू द्या वहिनी," काका हळूच म्हणाले. "झाली दोन मिनिटं."

मी जिंकले होते, पण नाचावंसं वाटेना. काकू तिथेच चपलांच्या रॅकवर बसून राहिल्या. दुपारी त्यांनीच वेल्डिंगवाल्याला बोलावून आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवून घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही मिनिटभरात खाली! झकास! अख्ख्या आवारात आमचा आरडाओरडा, टाळ्या, उड्या. गुडघे धरत काकू सगळ्यांत शेवटी उतरल्या आणि एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजू लागल्या. आठवी मी. त्यांचा हात माझ्या डोक्यावरच राहिला.

"कुलूप लावूनही झोप नव्हती गं मला," त्या म्हणाल्या. "वेळेला किल्ली सापडेल ना, म्हणून रात्रभर कंबर चाचपत पडायचे."