शेजारणीचे पेढे आणि ह्यांचा गुडघा

शेजारणीनं पेढे आणले तेव्हा मी हसून एक तोंडात टाकला, पण तो गोडच लागेना. तिच्या नवऱ्याला फौजेची अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली होती. आमच्या ह्यांचा अर्ज मात्र नामंजूर. दोघं एकाच पलटणीतून निवृत्त झालेले, गावात एकाच बोळात घरं. त्याचे कान तोफांच्या आवाजानं गेले, ह्यांचा गुडघा बर्फातल्या चौकीवर घसरून गेला. गुडघा काय कानापेक्षा हलका असतो? माझा नुसता जळफळाट झाला.

खरं तर घोळ ह्यांनीच घातला होता. लष्करी डॉक्टरांपुढे जायचं म्हणून दाढी घोटून, बुटांना पॉलिश करून गेले. खाडकन सॅल्यूट ठोकला आणि काय त्रास होतो विचारल्यावर म्हणाले, "एकदम ठीक, साब!" डॉक्टरांनी तेच लिहिलं. घरी आल्यावर हाच माणूस भिंत धरून जिना चढला.

शेवटी नाक मुठीत धरून मी शेजारणीला विचारलं, "तुमचं कसं जमलं ओ वैनी?"

"ह्यांना ऐकूच येत न्हाय की. म्हणून मला आत घेतलं. सगळं मीच सांगितलं. न्हायतर आमचं ध्यान बी तेच बोललं असतं."

बहिरा नवरा मिळायलासुद्धा नशीब लागतं, असं वाटून मी आणखीच जळले.

आम्ही अपील केलं. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पुन्हा तपासणी होती. एसटीत रस्ताभर मी ह्यांना पढवलं, "दुखतंय म्हणायचं. लाजायचं न्हाय." हे मान हलवत होते. तिथं मला दाराबाहेर बसवलं. आतून टाचा जुळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "एकदम ठीक, साब!"

मी पडदा सारून आत शिरले. "साहेब, ह्यांना उकिडवं बसायला सांगा. आन मग उठायला सांगा."

साहेबांनी सांगितलं. हुकूम म्हटल्यावर हे लगेच बसले. उठता मात्र येईना. कपाळावर घाम आला. शेवटी ह्यांनी हात पुढे केला, तो मी धरला.

अपील मंजूर झालं. मी नुसते पेढे न वाटता ऐटीत शेजाऱ्यांना जेवायलाच बोलावलं. आम्ही सगळे जमिनीवर बसलो, हे एकटे खुर्चीवर. जेवण झालं आणि शेजारणीचा नवरा हातात ताट घेऊन, कुठंही हात न टेकता सहज उभा राहिला.

मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. त्या पेढ्यांच्या दिवशीसुद्धा मी एवढी जळले नव्हते.