थळच्या लिलावातल्या तीन हिरव्या तिवया

माणसं अलिबागेकडे हवा पालटायला जातात. मी आणि माझी थोरली बहीण अक्का गेलो ते कुंडी ठेवायची एक तिवई आणायला. हे ऐकून आमच्या चाळीतले लोक हसले. हसोत बापडे. त्यांना सगळं सांगत बसायला मला वेळ नव्हता, पण तुम्ही वाचताय, तर तुम्हाला सांगतो.

थळच्या किनाऱ्यावर मुंबईच्या एका शेटचा बंगला आहे. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, तिथे राखणीला होते. दोघं मागच्या दोन खोल्यांत राहत. बंगल्याच्या ओटीवर शेटने विलायतेहून आणवलेल्या तीन तिवया होत्या. कमरेएवढ्या उंच, वर गोल पाट, आणि तिन्ही पायांच्या टोकाला पक्ष्याचे पंजे, पंजात एकेक लाकडी गोळा. त्यांवर शेटाणीच्या नेच्यांच्या कुंड्या असत. एका वादळात त्या आत नेताना भावोजींच्या हातून एक सुटली आणि तिचे दोन पाय मोडले.

शेट महातापट. नोकरी तर गेलीच असती, वर चार लोकांत अपमान. भावोजी मूळचे सुताराच्या घरातले. त्यांनी मोडीत निघालेल्या एका होडीचं सागवान आणलं, त्यातली खिळ्यांची भोकं लुकणाने बुजवली आणि पावसाळाभर दार लावून हुबेहूब तिसरी तिवई घडवली. मोडकी चुलीत घातली. खाऱ्या हवेला रंग हवाच, असं सांगून तिन्हींना एकच हिरवा रंग दिला. दिवाळीत शेट आले, तिवयांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "रंग छान दिलास." हे सांगताना भावोजींना हसून हसून ठसका लागायचा. ही गोष्ट त्यांना, अक्काला आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक होती.

पुढे भावोजी हिवतापाने गेले. कपडे रिवाजाप्रमाणे वाटून टाकले, हत्यारं त्यांच्या भावाने नेली, फोटो कधी काढलाच नव्हता. त्यांच्या हातची म्हणून जगात एकच वस्तू उरली, तीही शेटच्या ओटीवर. अक्का गिरगावात माझ्याकडे राहायला आली, पण येण्याआधी तिने त्या तिवईवरच्या कुंडीत तुळस लावली. तुळस असलेली वस्तू कोणी इकडची तिकडे करत नाही आणि पुढेमागे ओळखायलाही बरं, हा तिचा विचार. "तशी मला अंधारात हात लावला तरी कळेल म्हणा," असंही ती म्हणायची.

मंदीत शेटचा धंदा बसला. बंगल्यातलं सामान लिलावात निघतंय, असा निरोप थळच्या चांगुणाबाईने आगबोटीवरच्या खलाशाबरोबर धाडला. चांगुणाबाई म्हणजे अक्काची तिथली शेजारीण, मासे सुकवणारी कोळीण. निरोप ऐकल्यापासून अक्काचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी मीच रजा काढली.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट सकाळी सुटते. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, आधी भरती-ओहोटीची चौकशी करावी. आम्ही केली नाही. रेवसच्या तोंडाशी पाणी उतरलेलं, बोट लांबच उभी राहिली, आणि आम्हाला होडीत उतरवून पुढे चिखलातून चालवलं. माझा एक जोडा त्या चिखलात राहिला. कार्तिक लागून दिवस झाले होते तरी आभाळ भरलेलं, वारा पडलेला, समुद्राचा रंग राखेसारखा. बोटीत बहुतेकांनी कठड्याला मिठी मारली होती, त्यांत मी पहिला. अक्का मात्र मांडीवर बोचकं घेऊन ताठ बसली होती. बोचक्यात गोणपाट आणि सुतळी, तिवई बांधायला.

रेवसला टांगे उभे असतात. भाडं आधी ठरवून घ्या, नाहीतर उतरताना तंटा होतो. आमचा टांगेवाला बोलका निघाला.

"लिलावाला का?" त्याने विचारलं. "बघायला जावा. घ्यायला कोन जानार? टेबल घेतलं तर त्यावर जेवनार कोन? आमी तर पाटावर बसतो."

"एखादी तिवई घेऊ म्हणतो," मी म्हणालो.

"तिवई? त्यासाठी मुंबईहून?" त्याने वळून माझ्या एका जोड्याकडे पाहिलं आणि मग चोंढीपर्यंत तो घोड्याशीच बोलला.

चोंढीला चहा बरा मिळतो. बटाटेवडा घेऊ नये, शिळा असतो. पुढचा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो, एरवी तो फार सुंदर वाटला असता. त्या दिवशी वाड्यांत नुसती ओल, डास आणि कुजलेल्या झावळ्यांचा वास होता. भावोजींना ताप आला तो ह्याच हवेत, एवढंच माझ्या मनात येत होतं. अक्काच्याही येत असावं, कारण तिने पदर नाकाला लावला होता.

चांगुणाबाई दारातच भेटली. अक्काला पोटाशी धरून रडली, मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "चल गो, आधी बंगल्यावर चल. तुजा काम केलाय आमी!"

विहिरीचं पाणी न्यायला गावच्या बायका बंगल्याच्या आवारात जातच असतात, त्यामुळे कोणी अडवलं नाही. ओटीवर तीन तिवया ओळीने मांडलेल्या. तिन्हींना बुडापर्यंत गेरू, त्यावर चुन्याचे ठिपके. तिन्हींवर कुंडी, तिन्ही कुंड्यांत तुळस. उसाचे तुकडे, आवळे, चिंचा, झेंडूच्या माळा. आदल्या संध्याकाळी बायकांनी तिन्ही तुळशींची लग्नं लावली होती.

चांगुणाबाई फुलून सांगत होती. "तुजी तुलस उन्हालीच सुकली गो. कुंडी पन फुटली. मग म्हटला, एकीवरच तुलस ठेवली तर मेले बाकीच्या दोन उचलतील, आनि मग तिसरी पन नेतील. म्हनून तिनीवर लावल्या. आता लगीन लागलेली तुलस कोन हिंदूचा पोर हलवील? बघतेच मी!"

"पण मूळची कुठली?" अक्काने हळूच विचारलं. "माझी जीवर होती ती?"

चांगुणाबाईने तिन्हींकडे पाहिलं, मग मागून आलेल्या बायकांकडे. "पावसात आत ठेवलेल्या ना, मग गेरू लावायला भाहेर काढल्या. हीच असंल. का ती कडेची? गो पारू, कंची गो?"

पारूलाही माहीत नव्हतं.

बायकांचे चेहरे हळूहळू पडायला लागले होते. अक्काने ते पाहिलं असावं. तिने चांगुणाबाईच्या हातावर हात ठेवला. "बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्याच्याने झालं नसतं. मी काही लग्नाला पुढे होऊ शकत नव्हते." विधवेने तुळशीच्या लग्नात पुढे व्हायचं नाही, हे खरंच होतं. पण तिचा आवाज ऐकून मला तिथून उठून समुद्रावर जावंसं वाटलं, आणि मी गेलो. समोर खांदेरीच्या बेटावरचा दिवा लागला होता. मला भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

मुक्काम चांगुणाबाईकडेच. तांदळाची भाकरी, सुकट आणि आंबट कढी. जेवण इतकं चांगलं होतं की अशा वेळी आवडलं ह्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव लिलाव बघायला लोटला. घेणारे थोडेच. पलंग अलिबागच्या एका वकिलाने घेतला. शेट ज्यात अंघोळ करायचे तो पत्र्याचा लांब टब एका कोळ्याने मासे खारवायला घेतला, तेव्हा लोक पोट धरून हसले. शेटचा मुनीम खुर्ची टाकून बसला होता. तो काही हसला नाही.

"विलायती फ्लावर स्टँड! तीन नग, एकत्र!" लिलाववाला ओरडला आणि ओटीकडे वळला. त्याचा आवाज खाली आला. "ह्या कुंड्या कोणी ठेवल्या?"

"लगीन लागलाय त्यांचा," चांगुणाबाई पुढे होऊन म्हणाली. "हलव आता, तुज्यात दम असंल तर!"

लिलाववाल्याने मुनीमाकडे पाहिलं. मुनीमाने आढ्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हात जोडले, मग चारसहा जणांनी जोडले. लिलाववाला वहाणा काढून अनवाणी उभा राहिला आणि पुढे काय करावं ते त्याला सुचेना. तुम्हाला खोटं वाटेल, पण क्षणभर मीही म्हटलं, साधलं बरं का ह्या बायकांना.

तेवढ्यात गर्दीतून मुंबईचे एक बोहरी व्यापारी पुढे आले. पांढरी दाढी, सोनेरी किनारीची टोपी. जुनं फर्निचर घेणारे, नाव अब्बासभाई. त्यांनी जोडे उतरवले, हात धुवायला पाणी मागितलं आणि हात धुतले. मग एकेक कुंडी दोन्ही हातांनी अलगद उचलून चांगुणाबाईच्या पायांशी ठेवली. एक पानसुद्धा गळलं नाही.

"बाई, झाड तमारा," ते म्हणाले. "ते तमे सांभाळो. हूं तो लाकडानो वेपारी."

चांगुणाबाईने तिन्ही कुंड्या जवळ ओढून घेतल्या. कोणी तुळशीचा अपमान केला असता तर बायकांनी त्याला समुद्रात लोटला असता. ह्या माणसाने आमच्यापेक्षा जास्त मान राखला आणि तिवया मोकळ्या करून घेतल्या.

मी बोली लावली. त्यांनी वाढवली. मी पुन्हा लावली, त्यांनी पुन्हा वाढवली, आणि माझी शक्ती संपली. एकवार, दोनवार, तीनवार.

मग अक्काच पुढे झाली. आजवर परक्या पुरुषाशी ती अशी बोललेली मी पाहिली नव्हती. "ह्यातली एक मला द्या," ती म्हणाली. "एकीवर माझी तुळस असायची. पडली ती किंमत देते."

अब्बासभाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "त्रणनो सेट छे, बाई, तोडला तर किंमत उतरते." मग थोडं थांबून म्हणाले, "पण लई जाव. तमारी कोणती?"

सगळे बघत होते. अक्का पहिलीपाशी बसली. पाटाच्या कडेवरून, पायांवरून, पंजाच्या नखांवरून हात फिरवला. दुसरीपाशी बसली. तिसरीपाशी. परत पहिलीपाशी आली. तिने डोळे मिटले. अंधारात हात लावला तरी कळेल म्हणणारी माझी बहीण, भर दुपारी तीन तिवयांमध्ये बसली होती आणि तिला कळत नव्हतं. भावोजींनी काम इतकं चोख केलं होतं की त्यात ते स्वतः कुठे सापडत नव्हते.

अब्बासभाईंनी खिशातून चाकू काढला. "काही खूण होय तो बोलो. रंग जरा खरवडी जोऊं?"

होडीच्या लाकडाची भोकं. मी ओठ उघडले तोच अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मुनीम खुर्ची पुढे ओढून बघत होता. भावोजींनी जन्मभर जे झाकलं, ते ती त्या माणसासमोर उघडं करणार नव्हती. राखणदाराने विलायती माल मोडून गावठी ठेवला, असं तो मुंबईभर सांगत सुटला असता.

"खूण नाही," अक्का म्हणाली. "ही द्या." तिने मधल्या तिवईवर हात ठेवला.

परतीच्या बोटीवर तिवईचं अर्धं तिकीट पडलं. खलाशी म्हणाला, बसायची जागा अडवते म्हणून. मी भांडलो नाही. अक्का गोणपाटाच्या गाठोड्याला टेकून किनाऱ्याकडे पाठ करून बसली होती. बाकीच्या दोन तिवया अब्बासभाईंबरोबर धरमतरच्या वाटेने गेल्या. आता त्या कोणाच्या दिवाणखान्यात असतील, देव जाणे.

लोक विचारतात, थळला जाण्यासारखं आहे का? आहे. किनारा स्वच्छ आहे, मासळी ताजी, माणसं मायाळू. इतकी मायाळू की त्यांच्यावर रागावताही येत नाही. मला मात्र पुन्हा जावंसं वाटत नाही.

घरी आल्यावर एका रविवारी, अक्का एकटी असताना, मी म्हणालो, "आता कोण बघतंय? पायाच्या आतल्या बाजूने जरासा रंग काढू. भोकं असली तर दिसतील."

ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "आणि नसली तर?" ती म्हणाली. "मग मी त्यांना कुठे शोधू, बाळू?"

मी सूप पुन्हा तिच्याकडे सरकवलं.

तिवई आमच्या गॅलरीत आहे. चांगुणाबाईने दिलेली तुळस तिच्यावर आहे, गिरगावच्या हवेत ती जेमतेम तग धरून आहे. रोजच्या पाण्याने एका पायाचा रंग फुगला आणि परवा त्याचा एक पोपडा निघू पाहत होता. मी कचेरीला निघालो होतो. अक्का पोपड्यावर बोट दाबून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "येताना हिरव्या रंगाचा डबा आण. आणि जरा लवकर ये."

त्या दिवशी मी साहेबाला सांगून लवकर सुटलो.