बबनमामांचं लेझर

मंडळी, आमच्या थिएटरातला कचरा रोज निघतो, किस्से मात्र साठतच जातात! त्यात यंदा रिळं जाऊन लेझर प्रोजेक्टर आला, मग तर विचारूच नका.

गंगापूर रोडला आमचं थिएटर. खाली स्टॉल, वर बाल्कनी, समोर तीन मजली पडदा. मी तिकीट खिडकीवर. केबिनमध्ये ऑपरेटर बबनमामा, मूळचे दिंडोरीकडचे. फिल्म तुटली की पब्लिक ओरडायचं, "ए बबन्याऽऽ, झोपला काय रे!" मामा वरून शिव्या घालायचे आणि मग दिवसभर खुशीत असायचे. लेझर येणार म्हटल्यावर त्यांचं तोंडच उतरलं. "आता काय तुटायचंच नाय. मंग माझं नाव कोण घेईल?"

*

लेझरचा पहिला सिनेमा यायच्या दिवशी मामांनी सवयीने हमाल बोलावले. जुनी रिळं म्हणजे ट्रकची टायरं! हमाल दोर घेऊन हजर. कुरियरवाल्याने जेवणाच्या डब्याएवढी हार्ड डिस्क मामांच्या हातात ठेवली, अख्खा सिनेमा त्यातच! हमाल जिन्यात बसूनच राहिले. म्हणाले, "बाकीचा माल कवा येतोय?"

*

डिस्क लावली, पण सिनेमा सुरू होईना. कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "की आल्याशिवाय उघडणार नाही." की म्हणजे मेलवर येणारा पासवर्ड, हे आम्हाला काय ठाऊक! आमच्या मालकांनी, शेठनी, सगळे ड्रॉवर उपसले. मामांनी तर थेट चावीवालाच आणला. त्याने बॅटरी मारत मशीनभोवती प्रदक्षिणा घातली आणि वैतागून विचारलं, "भोक कुठंय?"

*

शेवटी मेलवर की आली. चाचणीला चित्र इतकं लख्ख, की हिरोच्या विगचा जोड दिसायला लागला! शेठ खूश. मामा म्हणाले, "शेठ, आपलं जुनं मशीन त्याची इज्जत झाकत व्हतं!"

*

पहिला शो मॅटिनीचा, हाउसफुल्ल. ना खरखर, ना रेघ. मामा हाताची घडी घालून बसलेले, चहासुद्धा घेईनात. मला फार वाईट वाटलं.

इंटरव्हलनंतर ऐन फायटिंगमध्ये लाइट गेली! सगळा काळोख. तेवढ्यात स्टॉलमधून आवाज आला, "ए बबन्याऽऽ, झोपला काय रे!" मग आणखी एक, मग अख्खा स्टॉल, शिट्ट्यांसकट!

मी बॅटरी घेऊन वर पळालो. मामा जनरेटरच्या बटणावर बोट ठेवून उभे.

"मामा, दाबा ना!"

"थांब रे," मामा म्हणाले, "अजून बाल्कनी राह्यली!"