नाम्बुनताईंचा नमस्कार

आज नाम्बुनताईंच्या यजमानांना जाऊन एकोणपन्नास दिवस झाले; आमच्या कोरियात या दिवशी बुद्धाच्या देवळात गेलेल्या माणसाला शेवटचा निरोप देतात. देवळातून आले ती आधी हे लिहायला बसले. किमचीचा कोबी मिठात पडलाय, पडू दे.

ताई माझ्या शेजारी राहतात. यजमान कागदी दारं-खिडक्यांचे सुतार. त्यांना जन्मभर बिजागऱ्या हातात देऊन देऊन ताईंना माणसाचं अंगही दारासारखंच दिसायला लागलं. देवळाच्या स्वयंपाकघरात मुळे चिरता चिरता सांगायच्या, "गुडघा म्हणजे बिजागरी ग, एकाच बाजूला मिटते. खांदा नि खुबा म्हणजे खलबत्ता, हवं तिकडे फिरवा. मान खुंट्यावर फिरते, जात्यासारखी. आणि तळवा उताणा करतेस ना? ती किल्ली. कोपराशी फिरते."

गेल्या वर्षी ताईंची गुडघ्याची बिजागरीच बदलावी लागली. गुडघे टेकायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. पण कपाळ जमिनीला लागल्याशिवाय यजमानांना निरोप पोचायचा नाही, हे ताईंच्या डोक्यातून जाईना.

"आयुष्यभर भांडले त्यांच्याशी. आता जाताना वाकूनही दाखवू नको?"

परवा ताईंनी घरी गुपचूप तसा नमस्कार करून बघितला. खाली गेल्या, वर येईनात. मी डोकावले तर जमिनीवरूनच म्हणतात, "बटण शोधतेय."

"कसलं बटण, ताई?"

"मला उठवायचं!"

त्यांना उठवलं आणि तडक देवळातल्या भिक्षुणीबाईंना जाऊन सांगितलं. त्या नुसत्या हसल्या.

आज शेवटच्या नमस्काराला आम्ही सगळ्यांनी जमिनीवर कपाळ टेकलं. इथे तळवे उताणे करून कानापर्यंत उचलायचे, बुद्धाची पावलं हातांवर घेतल्यासारखे. मग भिक्षुणीबाईंचा लाकडी ठोका पडला की उठायचं. आज ठोका पडेना. मी हळूच तिरकं पाहिलं. ताई उभ्याच होत्या. खुब्यातून सावकाश वाकल्या, मान खाली घातली, तळवे फिरवले. हात कानापर्यंत नेले. भिक्षुणीबाई त्यांच्याकडेच बघत थांबल्या होत्या. ताईंचे हात खाली आले, तेव्हा कुठे ठोका पडला.

जेवताना ताईंनी भात नुसता चिवडला. म्हणाल्या, "पोचला असेल ना ग?"

"पोचला, ताई."

"मग म्हणाले असतील, दार पुरतं मिटलं नाही, पण किल्ली फिरली." डोळे पुसून त्यांनी मोठा घास घेतला. "मेले अजून खोडच काढतायत!"