तोंड मिटून म्हटलेलं गाणं

लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्यापाशी एक गाणं होतं. गाणी तशी पुष्कळ येत होती, पण हे माझं होतं. एका बाईच्या आवाजातलं, संथ, सिनेमातलं, एके काळी जिकडेतिकडे वाजलेलं. केजच्या कॉलेजात जाता-येता एसटीच्या खिडकीशी बसून मी ते मनात म्हणायचे. त्याचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं की वाचणारा लगेच ते गुणगुणायला लागेल, आणि आता आणखी कुणी ते म्हटलेलं मला सोसवत नाही.

सासरी सुनेनं हळदीची गाणी म्हटली तर कौतुक व्हायचं. प्रेमाचं गाणं मोठ्यानं म्हणणं वेगळं. तसं कुणी बजावलं नव्हतं. सासरे ओट्यावर बसलेले असायचे, तेवढं पुरे होतं. मग मी तोंड मिटून म्हणायचे. भांडी घासताना, भाकरी थापताना ओठ बंद आणि घशात गाणं. शब्द नाहीत, नुसती चाल. असं म्हटलं की दम लवकर संपतो, म्हणून मुखड्याच्या शेवटच्या शब्दाआधी थांबून मला नाकानं श्वास घ्यावा लागे. मूळ गाण्यात तिथे कुणी थांबत नाही. ती थांबायची जागा मी केलेली होती.

नवरा डीजेवाला. पिकअप गाडीवर माणसापेक्षा उंच स्पीकरच्या पेट्या बांधून लग्नं वाजवायचा धंदा. लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. डीजेचा खरा कस तिथे लागतो. लोक नाचले तर पुढच्या चार सुपाऱ्या तिथल्या तिथे ठरतात. म्हणून घरी मागच्या खोलीत जुन्या कंप्युटरवर तो रात्रंदिवस गाणी कापायचा, जोडायचा, आणि नवीन काही केलं की आधी मला ऐकवायचा. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? माझ्या कानांना हेडफोन लावून तो माझ्या हातांकडे बघत बसायचा, काटा कुठे येतो ते. छान झालंय, असं मी तोंडानं म्हटलं तर त्याला पटायचं नाही. त्याचा विश्वास फक्त कातडीवर.

एकदा भाकरी थापत होते, तर दारात उभा राहून म्हणाला, "तू ते गानं म्हनतीस, त्याच्यात मधीच थांबतीस. कावून गं?"

"दम संपतो," मी म्हटलं. "तोंड उघडता येत न्हाई ना."

"तितं थांबल्यावर कसं वाटतं?"

बाईला असं कुणी विचारत नाही. मला विचारलं होतं, म्हणून मी भाकरी तव्यावर टाकायची सोडून नीट विचार केला आणि खरं सांगितलं. "शेवटचा शब्द तोंडापर्यंत आलेला असतो. त्याला आत धरून ठेवावं लागतं. तेवढ्या येळात ते गानं लई आवडतं मला."

तो फक्त "हं" म्हणाला आणि गेला. त्या 'हं'वर मी आठ दिवस खुशीत होते.

पुढे उन्हाळ्यात चुलत दिराचं लग्न लिंबागणेशला होतं. चारच्या उन्हात परण्या निघाला. गाडी पुढे, नवरदेव घोड्यावर, मध्ये माणसं आणि मागे आम्ही बाया. जाऊ माझ्या शेजारी होती. दोन-तीन गाणी झाली आणि माझं गाणं लागलं. ओळखायला वेळ लागला, कारण ते पळत होतं. गाणारीचा आवाज पातळ झालेला, सारंगी-बासरी सगळी काढून टाकलेली, खाली नुसता ठोका. माझ्या कपाळाला आठी पडली. मुखडा शेवटच्या शब्दापर्यंत आला आणि एकदम सगळं बंद झालं.

त्या शांततेत मी होते. मिटल्या तोंडाची माझी चाल, मागे एका वाटीचा खणकन आवाज, मग नाकानं घेतलेला माझा श्वास, पेट्यांमधून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. आणि मग हलगी कोसळली. गल्ली उसळली. वरून नवऱ्यानं रेकॉर्ड केलेलं स्वतःचं नाव, रुबाबात, दोनदा. डीजेवाले प्रत्येक गाण्यावर आपलं नाव असं ठोकतात.

जावेनं माझं मनगट धरलं. "अवो, ह्ये तर तुमी हाव!"

रोज एका मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईला ते कळणारच होतं. दाराआडून त्यानं मला फोनवर रेकॉर्ड केलं होतं. जे मी सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ओठांआड ठेवलं होतं, त्यावर दारू प्यालेले लोक शर्ट काढून नाचत होते, आणि दर खेपेला माझ्या श्वासाची वाट बघत हात वर धरून उभे राहत होते.

आणि सांगायलाच हवं, ते जमलं होतं. रागानं कान तापलेले असतानाही मला ते कळत होतं. नवीन गाणं असतं तर लोक एवढे नाचले नसते. हे सगळ्यांना पाठ होतं. पुढचा शब्द कोणता, हे लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडात आधीच तयार होतं. त्यानं तेवढाच शब्द काढून घेतला. तोंडाशी आलेला घास कुणी हातातच धरून ठेवावा, तसं. तोंडाला मिळालं नाही म्हणून मग ते पायांतून बाहेर पडलं. संथ गाण्यात जे एकट्यानं खिडकीशी बसून सोसायचं, ते इथे चारशे माणसं एकदम सोसत होती आणि एकदम सोडत होती. मी नवऱ्याला जे सांगितलं होतं, अगदी तेच त्यानं केलं होतं. कुठे कापायचं ते मीच दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच गणपतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. त्याच्या कामात मी कधी तोंड घालत नसे. त्या दिवशी घातलं.

"माझा आवाज इचारल्याबिगर कावून घेतला तुमी?"

"अगं, तुजं नाव कुटं हाय त्याच्यात? कुनाला काय कळतंय?"

"जाऊबाईला कळलं."

"ती घरची हाय."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस," तो म्हणाला.

इतक्या सरळपणे म्हणाला. मी रडायला लागले. येणारेजाणारे बघायला लागले, तसा तो घाबरला. तिथेच गणपतीची आण घेतली, की ते गाणं पुन्हा वाजवणार नाही. खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. "घे. तुज्यापाशी ठिव. झालं?"

झालं, असं मी समजले. घरी येऊन तो पेन ड्राइव्ह लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला आणि वर कुलूप लावलं. गाणं पेटीत आहे, असं मला खरंच वाटत होतं. आता हसू येतं. जावेलासुद्धा सांगितलं की त्यांनी काढून टाकलं, माझ्या एका शब्दावर. तिनं भुवया उडवल्या होत्या, तो हेवा असेल असं मी धरून चालले.

बरेच महिने मी गुणगुणले नाही. मग हळूहळू पुन्हा सुरू झालं, स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन. तो दारात येऊन उभा राहिला की गप्प व्हायचे. तो काही विचारायचा नाही आणि मला ते बरं वाटायचं, माणूस सुधारला म्हणून.

यंदा मावसबहिणीच्या लग्नाला गेवराईला गेले. नवऱ्याची केजला दोन दिवसांची सुपारी होती, म्हणून एकटीच. परण्या निघाला होता, गाडी दुसऱ्याच कुणाची, माझ्या ओळखीची नाही. बायांमध्ये उभी राहून बोलत होते. बोलता बोलता माझा उजवा पाय जमिनीवर ठेका धरायला लागला. आधी पाय, मग कान. गाणं माझं होतं. मुखडा शेवटाला आला, सगळं थांबलं, वाटी वाजली, मी श्वास घेतला. शेजारच्या सगळ्या बायांनी माझ्याबरोबर श्वास घेतला. हलगी पडली, वरून नवऱ्याचं नाव दोनदा वाजलं, आणि मी नाचले. दोनच पावलं, पण नाचले.

मग बाजूला होऊन भिंतीला टेकले आणि नवऱ्याला फोन लावला. बोलायला तोंड उघडेना. नुसता हात वर करून फोन पेट्यांच्या दिशेनं धरला. आता कळेल, आता कबूल होईल, पायऱ्यांवरची आण आठवेल. अख्खा मुखडा पुन्हा येईपर्यंत, श्वास येईपर्यंत, मी हात खाली घेतला नाही. खांदा दुखायला लागला होता. मग फोन कानाला लावला.

"ऐकलं ऐकलं," तो म्हणत होता, मोठ्यानं, खुशीत. "पर त्या गाडीचा आवाज लई फाटतोय बग. तुजा श्वास दबून गेलाय. काल केजला आपल्या गाडीवर वाजवलं, काय साफ आलता!"