सुमनताईंचा फोटो

सरांसमोर मी कपाचं चित्र धरलं. "हे नाही," सर म्हणाले. मग चावीचं धरलं. "हे नाही."

मी नगरला स्पीच थेरपिस्ट आहे. सरांना अर्धांगवायूनंतर अफेजिया झाला होता. म्हणजे मेंदूला इजा होऊन शब्द हरवतात. कधी एखादंच वाक्य उरतं आणि प्रत्येक वेळी तेच तोंडातून बाहेर पडतं. सरांकडे 'हे नाही' एवढंच उरलं होतं.

ते कॉलेजात भारतीय तत्त्वज्ञान शिकवायचे. 'मी' म्हणजे कोण हे शोधताना देह? हे नाही. नाव? हे नाही, असं एकेक बाजूला सारत जायचं, हा त्यांचा आवडता तास. तासाच्या आदल्या संध्याकाळी सोनई गावातल्या घरी शेंगा सोलत बसलेल्या पत्नीला, सुमनताईंना, सर तो म्हणून दाखवत.

दर मंगळवारी दोघं एसटीने यायची. ताईंचं मागणं एकच होतं. गावात त्यांना कुणी आई म्हणे, कुणी काकू. नावाने हाक मारणारे फक्त सर.

"एकदा सुमन म्हनले तरी लई झालं," त्या म्हणाल्या. "निदान मी वळखू येते का, तेवढं बघा."

मी चाचणी घेतली. टेबलावर चार बायकांचे फोटो मांडले, त्यात एक ताईंचा. सुमन कोणती ते दाखवा, असं सरांना सांगितलं. त्यांनी एकेक फोटो उचलून बाजूला ठेवला. ताईंचाही. "हे नाही." ताईंनी मान खाली घातली. मी फॉर्मवर शून्य लिहिलं.

तेवढ्यात सरांनी डावा हात लांबवला आणि शेजारी बसलेल्या ताईंच्या मनगटावर ठेवला. या वेळी 'हे नाही' म्हणाले नाहीत.

"वळखलं ना, मॅडम?"

हो म्हणावंसं फार वाटलं. पण हात नुसता आधारासाठीही पुढे आला असेल. खात्री देता येत नाही, असं मी सांगितलं.

 ताई म्हणाल्या, "धूर दिसला का आग हाय म्हनायचं, असं हे शिकवायचे. तेबी कळनंच असतं म्हनायचे."

सर पुढे वर्षभर येत राहिले. पाणी, चहा, बस असे काही शब्द परत आले. 'सुमन' हा शब्द आला नाही. दर मंगळवारी ताई त्यांच्या ओठांकडे बघत बसायच्या. मीही बघायचे.

ते शून्य मी खोडलं नाही. काय घडलं ते मात्र शेजारी लिहून ठेवलं. सरांचं उत्तर चुकलं होतं की नाही, माहीत नाही. माझी मांडणी चुकली होती. माणूस जवळ बसलेला असताना कुणाला त्याचा फोटो ओळखायला लावू नये. आता मी नातेवाइकांना आधी बाहेर बसवते.